सात ओळींचा कागद

रसग्रहणाला घेतलेला मजकूर आधी पूर्ण वाचकापुढे ठेवावा, ही वर्गातली जुनी रीत मी इथेही पाळतो. मजकूर सात ओळींचा आहे.

प्रोसेसर : रायझन ५ ५६००, बॉक्स पीस : १०,८००
बोर्ड : बी४५०, चार स्लॉट : ५,६००
रॅम : ८ × २, ३२०० : ३,१००
एसएसडी : ५०० जीबी, एनव्हीएमई : ३,०००
ग्राफिक कार्ड : आरएक्स ६६००, ८ जीबी : २०,८००
एसएमपीएस : ५५० वॅट, ब्राँझ, ५ वर्षं : ४,१००
कॅबिनेट : पुढे जाळी : २,५००

खाली दोन रेघा आणि बेरीज, ४९,९००. त्याखाली दोनदा अधोरेखित केलेले शब्द: पक्कं बिल घेणे.

हा झाला स्वच्छ पाठ. मूळ कागदावर यातली एकही ओळ पहिल्या हाताची नाही. प्रत्येक ओळीच्या वर एक खोडलेली ओळ आहे, एकाच सरळ रेघेने खोडलेली, त्यामुळे खालचं सगळं वाचता येतं. प्रोसेसर आधी रायझन ५ ५५०० होता, ७,८०० रुपयांचा. बोर्ड बी५५०, ८,६००. रॅम १६ जीबीची एकच पट्टी, २,९००. एसएसडी १ टीबी, ५,०००. ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०५०, १९,४००. एसएमपीएस ४५० वॅट, २,२००. कॅबिनेट काचेचं, रंगीत पंख्यांचं, ४,८००. या खोडलेल्या यादीची बेरीज ५०,७०० आणि हातात होते ५०,०००.

म्हणजे सातशे रुपये कमी पडत होते. सातशे रुपये कुठूनही काढता आले असते. थोडं साधं कॅबिनेट घेतलं असतं तरी हिशेब जुळला असता. या मुलाने सातशे रुपयांसाठी सातच्या सात ओळी नव्याने लिहिल्या. मला या कागदाची गोडी लागली ती इथे. एक शब्द बदलला की शेजारचा शब्द अवघडतो आणि मग सबंध कडवंच पुन्हा लिहावं लागतं, हे कवितांच्या हस्तलिखितांत पाहत आलो होतो. संगणकाच्या सुट्या भागांच्या यादीत ते पहिल्यांदा पाहिलं.

लिहिणारा माझा भाचा आहे. मूळचा विट्याजवळचा, आता दिल्लीत लक्ष्मीनगरला एका मित्राबरोबर खोली घेऊन राहतो, सीए करतो. आर्टिकलशिपच्या स्टायपेंडमधून दीड वर्ष बाजूला टाकत साठवलेले हे पन्नास हजार. कामासाठी ऑफिसचा लॅपटॉप आहेच, हा पीसी खेळण्यासाठी, आणि तो स्वतः जुळवायचा, असं त्याने ठरवलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियमवर भरलं, तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. १९५४ च्या लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालच्या संमेलनानंतर पहिल्यांदाच दिल्लीत संमेलन होत होतं, म्हणून मीही गेलो होतो. २३ तारखेला ते संपलं आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आम्ही मामा-भाचे कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात चहाला भेटलो.

हा रस्ता मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जातो. कमानी सभागृह, एलटीजी, दूरदर्शन भवन, सगळं याच रस्त्यावर. माझ्यासारख्या माणसाला तो नाटकांचा रस्ता वाटतो. भाच्याला तो गाडी बदलण्याचा रस्ता: मंडी हाऊसला मेट्रोच्या निळ्या आणि जांभळ्या मार्गिका भेटतात, निळीवर त्याचं लक्ष्मीनगर आणि जांभळीवर, इथून नववं स्थानक, नेहरू प्लेस. मुंबईत जे लॅमिंग्टन रोड, पुण्यात जी तपकीर गल्ली, ते दिल्लीत नेहरू प्लेस, फक्त कितीतरी पटींनी मोठं. खालच्या चौकात कापडाची दुकानं, वरच्या मजल्यांवर आणि बोळांतून संगणकाची. त्या सकाळी तो तिथूनच आला होता. चहा यायच्या आधी त्याने खिशातून घडी काढली आणि टेबलावर पसरली. सहा ओळी तोवर सुधारून झाल्या होत्या. सहाव्या जागची, एसएमपीएसची, ओळ अजून जुनीच होती.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तिरके तीन आकडे आहेत: ६, १६, ८. मला आधी तारीख वाटली. "मामा, ते माप आहे," तो म्हणाला. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा 'एल्डन रिंग' हा २०२२ चा खेळ त्याला खेळायचा होता. खेळ तयार करणाऱ्यांनी तो नीट चालायला काय लागेल हे जाहीर केलेलं असतं: इंटेलचा आय७ ८७००के किंवा त्याच्या तोडीचा प्रोसेसर, म्हणजे ६ कोअर, १६ जीबी रॅम, आणि ८ जीबी स्मृती असलेलं ग्राफिक कार्ड. त्याने नावं सोडून दिली आणि आकडे उचलले. पहिल्यांदा पीसी जुळवणारी बहुतेक मुलं उलट करतात. बाजारात ज्याचं नाव ऐकलं ते घेऊ, मग त्यावर काय चालतं ते बघू. इथे आधी खेळ ठरला, मग माप, मग वस्तू. सातही ओळींत अधिकाची हाव दिसत नाही, त्याचं कारण त्या कोपऱ्यात आहे.

आता पहिल्या दोन ओळी. त्या एकत्रच वाचायला हव्यात. खोडलेली जोडी ५५०० आणि बी५५०. सुधारलेली जोडी ५६०० आणि बी४५०. खोडलेल्या जोडीची बेरीज १६,४०० आणि सुधारलेल्या जोडीची बेरीजही १६,४००. एका ओळीतून नेमके तीन हजार उचलून दुसरीत ठेवले आहेत. हिशेबाच्या भाषेत ही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात केलेली नोंद. पण ती का केली, हे कळल्यावर मी खरोखर थक्क झालो.

५५०० आणि ५६०० या दोन्ही प्रोसेसरांत ६ कोअर, १२ थ्रेड. नावं जवळची, काम वेगळं. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेली साठवण. ती ५५०० मध्ये १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी. कारागिराच्या टेबलावर अवजारं मांडलेली असली की त्याला उठून कपाटाकडे जावं लागत नाही. खेळ चालू असताना प्रोसेसरला हजारो छोट्या गोष्टी पुन्हा पुन्हा विचाराव्या लागतात: शत्रू कुठे आहे, पाय जमिनीला टेकला का, बाण लागला का. टेबल मोठं असेल तर फरक पडतो. दुसरा भेद रस्त्याचा. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामध्ये जो रस्ता असतो, त्याला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. बी५५० बोर्डावर हा रस्ता चौथ्या पिढीचा आहे, तिसरीच्या दुप्पट रुंद. पण ५५०० ला चौथी पिढी येतच नाही. म्हणजे पहिल्या यादीत बोर्डाला दिलेले जास्तीचे तीन हजार ज्या रुंद रस्त्यासाठी होते, त्यावरून चालण्याची प्रोसेसरची तयारीच नव्हती. सुधारलेल्या जोडीतही रस्ता तिसऱ्या पिढीचाच राहतो, कारण आता बोर्ड जुना आहे. रस्ता तेवढाच राहिला, पण तेवढ्याच पैशांत टेबल दुप्पट झालं. असा शब्दांचा पालट चांगल्या कवीला सुचतो तेव्हा आपण मान डोलावतो. इथेही डोलावावी.

याच दोन ओळींवर दोन बारीक खुणा आहेत. "बॉक्स पीस" हे शब्द प्रोसेसरसमोर आहेत, कारण खोक्यातल्या ५६०० बरोबर एएमडीचा पंखा येतो आणि कंपनीची वॉरंटी तीन वर्षांची. सुटा, ट्रेमधला प्रोसेसर स्वस्त पडतो पण त्याच्याबरोबर पंखा येत नाही. आणि बी४५० च्या शेजारी पेन्सिलीने "बायोस?" असं लिहिलं आहे. बी४५० चे बोर्ड २०१८ मध्ये आले, ५६०० बाजारात आला २०२२ मध्ये. दुकानात पडून राहिलेला जुना बोर्ड या प्रोसेसरला ओळखणारच नाही, त्यातली मूळ आज्ञावली आधी नवी करून घ्यावी लागते. त्याने ती दुकानातच करून घेतली. ते प्रश्नचिन्ह मला या कागदावरचं सर्वांत प्रामाणिक चिन्ह वाटतं. जे माहीत नाही ते त्याने प्रश्न म्हणून लिहून ठेवलं आणि विचारलं.

थोडं विषयांतर करतो. तयार सुटे भाग घेऊन संगणक जुळवण्याचं मराठी माणसांना कौतुक असायला हवं, त्याला पुण्याचं कारण आहे. भारताला हवा तेवढा ताकदवान क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याच्या पोटातले प्रोसेसर ब्रिटिश इनमॉस कंपनीचे, विकत मिळणारे ट्रान्सप्युटर होते. एकेकटा ट्रान्सप्युटर काही महासंगणक नव्हे. ते एकमेकांशी बोलतील कसे, काम वाटून घेतील कसे, ही बुद्धी पुण्यात लावली गेली. पन्नास हजारांचा पीसी आणि परम यांची तुलना मी करत नाही. पण विकतचे भाग एकमेकांना पूरक निवडून त्यातून भागांच्या बेरजेपेक्षा मोठं काही उभं करणं, ही कला तीच आहे, आणि ज्या मुलांनी ती लक्ष्मीनगरच्या खोलीत करून पाहिली त्यांना परमचं मोल जास्त कळेल.

रॅमची ओळ छोटी आहे. १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८-८ च्या दोन. किंमत दोनशेने वाढली. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती ने-आण करू शकते, दोन पट्ट्या दोन वाटांनी लावल्या तर ५१.२. दोनशे रुपयांत दुप्पट वाट. मात्र पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये बसवाव्या लागतात, आणि ३२०० हा वेग बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो, नाहीतर पट्ट्या गपचूप कमी वेगाने चालत राहतात. कित्येक जण वर्षानुवर्षं तसेच चालवतात.

एसएसडीच्या ओळीत १ टीबीचं ५०० जीबी झालं. ही ओळ त्यागाची आहे आणि तेवढीच सरळ. 'एल्डन रिंग' ६० जीबी मागतो, 'रेड डेड रिडेम्प्शन २' १५० जीबी. दोन्ही बसतात, शिवाय आणखी एखादा. नवा खेळ आणायचा तर जुना पुसावा लागेल. हार्ड डिस्क पुढे कधीही जोडता येते, बोर्डावर तिची जागा आहे.

मग कार्ड. यादीचं वजन इथे आहे: दर पाच रुपयांतले दोन रुपये या एकाच ओळीत. ते बरोबरच आहे, कारण खेळात जे दिसतं ते हे कार्ड काढतं. १९२० × १०८० च्या पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात आणि सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांत पूर्ण व्हायला लागतं. एवढ्या वेळात डोळ्याची पापणीही मिटत नाही. आरटीएक्स ३०५० चं नाव मोठं आहे, एनव्हिडियाचं आहे, आणि दुकानात तेच आधी पुढे केलं जातं. पण खेळातल्या निव्वळ ताकदीत आरएक्स ६६०० त्याच्या ठळकपणे पुढे आहे, आणि वीज जवळपास तेवढीच घेतं, १३२ वॅट. चौदाशे रुपये जास्त द्यायला या ओळीत संकोच नाही.

या ओळीच्या मागे मात्र एक न लिहिलेली ओळ आहे. सात ओळींत विंडोज कुठे आहे? त्याच्या परवान्याला दहा हजारांच्या आसपास लागतात, म्हणजे प्रोसेसरएवढे. ते भरायचे तर सगळी यादी मोडते, आणि चोरीचं विंडोज घ्यायचं नाही असं त्याचं म्हणणं. सीए होणाऱ्या मुलाने ते म्हणावं याचा मला आनंद आहे. म्हणून त्याने लिनक्स घेतलं. एएमडीच्या कार्डांची लिनक्सशी चांगली गट्टी आहे, त्यांचे ड्रायव्हर खुले आहेत आणि लिनक्सच्या गाभ्यातच येतात. विंडोजसाठी लिहिलेले खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन हे वॉल्व कंपनीने २०१८ मध्ये आणलं, आणि 'एल्डन रिंग' त्यावर चालतो. म्हणजे ३०५० खोडून ६६०० लिहिताना त्याने परवान्याचाही प्रश्न सोडवला होता. त्याची किंमत त्याने दिली. त्याचे मित्र रात्री 'वॅलोरंट' खेळतात, आणि 'वॅलोरंट' लिनक्सवर चालत नाही. "त्यांच्यात बसून बघतो की," एवढंच तो म्हणाला. त्या एका वाक्यात किती काही सोडलं होतं ते कागदावर कुठेही दिसत नाही. मला ते कळलं म्हणून ही ओळ अधिक जवळची वाटते.

आरएक्स ६६०० ला रस्त्याच्या आठच मार्गिका वापरता येतात, आणि आपला रस्ता तिसऱ्या पिढीचा. कार्डाची ८ जीबी स्मृती पुरेपूर भरून माहिती बाहेर सांडली तर या अरुंद रस्त्यावर अडचण होते. त्याला हे माहीत होतं. खेळातल्या चित्रांच्या सेटिंगबद्दल समासात लिहिलं आहे: "टेक्श्चर हाय. अल्ट्रा नको." दोनच वाक्यं, पण आपल्या यंत्राची मर्यादा ओळखून आधीच आखलेली.

आता सहावी ओळ, जी माझ्या डोळ्यांदेखत बदलली.

एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तो आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज वाटतो. निव्वळ बेरीज केली तर ६५ वॅटचा प्रोसेसर, १३२ वॅटचं कार्ड, बाकीचं थोडं. खेळ जोरात चालू असतानाही हा पीसी ३०० वॅटच्या आतच राहील. ४५० वॅटचा डबा पुरायला हवा. २,२०० रुपये, हिशेब पूर्ण. बहुतेक जण पैसे इथेच वाचवतात, कारण ही वस्तू दिसत नाही, तिच्याने चित्र सुंदर होत नाही, खेळ एका फ्रेमनेही वेगवान होत नाही.

चहा आला तेव्हा त्याने पेन काढलं आणि ती ओळ खोडली. "काल बाबांशी बोललो," तो म्हणाला.

माझे दाजी मोटर रिवाइंडिंग करतात. चाळीस वर्षं जळालेल्या पाणबुडी मोटरी उघडून त्यातलं तांबं काढण्यात आणि नवं भरण्यात गेली. शेतकऱ्याची मोटर कशाने जळते हे ते झोपेतही सांगतील: तीनपैकी एक फेज गेली आणि मोटर दोन फेजवर कण्हत राहिली, किंवा व्होल्टेज पडलं आणि मोटरने जास्त करंट ओढला. अशा वेळी मोटर बंद करणारा दीड-दोन हजारांचा प्रिव्हेंटर बसवला नाही म्हणून पंधरा हजारांची मोटर जळते, ती नेमकी पाण्याच्या पाळीत जळते, आणि उभा ऊस वाळतो. पोराने फोनवर सगळी यादी वाचून दाखवली. प्रोसेसर, कार्ड यातलं दाजींना काही कळत नाही. ते शेवटी एवढंच म्हणाले: "आरं, करंट कुठनं शिरतोय बघ. तिथं पैसं वाचवू नगंस."

म्हणून ४,१००. म्हणून ब्राँझ. '८० प्लस' ही कार्यक्षमतेची खूण आहे: ब्राँझ डबा निम्म्या भारावर भिंतीतून घेतलेल्या १०० वॅटमधले सुमारे ८५ आत पोचवतो, बाकीचे उष्णता होऊन जातात. पण ही खूण डबा टिकाऊ असल्याची हमी देत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळे पुढे "५ वर्षं" लिहिलं, म्हणजे वॉरंटी तेवढी हवी. आणि ५५० वॅट यासाठी की पुढे कधी मोठं कार्ड घेतलं तर डबा बदलावा लागू नये. स्वस्त डबा बिघडतो तेव्हा कधीकधी एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्ड बरोबर घेऊन जातो. २०,८०० चं कार्ड १,९०० वाचवण्यासाठी पणाला लावायचं नाही. हीच दाजींची प्रिव्हेंटरची गोष्ट, शेतातून उचलून खोलीत ठेवलेली. या यादीत बाप कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी सहाव्या ओळीवर बोट ठेवेन.

पैसे कुठून आले तेही कागदावर दिसतं. एसएसडीने २,००० सोडले, कॅबिनेटने २,३००, एकूण ४,३००. त्यातले १,९०० एसएमपीएसला गेले, १,४०० कार्डाला, २०० रॅमला. उरले ८००. त्यांतून जास्तीचे ७०० फिटले आणि १०० शिल्लक. सात ओळींतली एकही ओळ एकटी उभी नाही, असं मी म्हणतो ते यावरून.

कॅबिनेटच्या ओळीत काच गेली, रंगीत दिवे गेले, जाळी आली. बावीस वर्षांच्या मुलाला रंगीत दिवे आवडतात आणि आवडावेत. पण दिल्लीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, भाड्याच्या खोलीत एसी नसतो, आणि कार्डाची उष्णता बाहेर पडायला हवा पुढून आत आणि मागून बाहेर वाहायला हवी. बंद काचेमागे पंखे कितीही फिरले तरी तीच हवा घुसळतात. जाळीतून धूळही येते, आणि दिल्लीची धूळ म्हणजे धूळच. जाळीमागचा फिल्टर दर महिन्याला धुवावा लागतो. तो धुतो.

रसग्रहणात उणेपणही सांगावं लागतं, आणि प्रेमापोटी ते टाळणं बरोबर नव्हे. या यादीत एक खरी चूक आहे. बी४५० चा हा बोर्ड वाय-फायशिवायचा आहे आणि यादीत वाय-फायचा तुकडा नाही. शिल्लक होते शंभर रुपये, त्यात तो येत नाही. पीसी जुळवून झाला, चालू झाला आणि मगच हे लक्षात आलं. महिनाभर त्याने फोन केबलने जोडून नेट वापरलं. एवढा बारकाईने विचार केलेल्या मजकुरात ही ओळ सुटली, कारण लॅपटॉप आणि फोन वापरणाऱ्याला वाय-फाय ही वेगळी वस्तू वाटतच नाही. तुम्ही यादी करणार असाल तर ही आठवी ओळ विसरू नका.

दुसरी गोष्ट चूक म्हणावी की नाही, ठरवता येत नाही. रॅमचे चार स्लॉट घेतले, दोन रिकामे ठेवले, पुढे पैसे आले की आणखी १६ जीबी घालू, या विचाराने. विचार शहाणपणाचा होता. पण २०२५ सरताना एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. ते दोन स्लॉट अजून रिकामेच आहेत. उद्यासाठी जागा ठेवणाऱ्याला उद्याचा भाव ठाऊक नसतो. तरी मी म्हणेन की जागा ठेवली हे बरोबर केलं. पट्टी आज नाही घेता आली, पण बोर्ड बदलावा लागणार नाही.

शेवटी ते अधोरेखित शब्द. पक्कं बिल घेणे. संगणकाच्या या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि बिल नको म्हटलं तर भाव उतरतो, असं बाजारात कानावर पडतंच. पन्नास हजारांवर तो मोह लहान नाही. त्यात १ टीबीची एसएसडीही परत आली असती आणि काचही. पण वॉरंटी मागायला गेलं की बिल विचारतात, त्यावरचा सीरियल नंबर विचारतात. पाच वर्षांचा एसएमपीएस बिलाशिवाय पाच दिवसांचाही नाही. त्याने सातही वस्तूंची बिलं घेतली आणि ती एका फाइलमध्ये लावली, तारखेच्या क्रमाने. यादीचा शेवट कवितेसारखा चढत्या सुरात न करता कामाच्या सूचनेवर केला आहे, हे मला फार आवडलं.

पुढच्या रविवारी त्याने आणि त्याच्या मित्राने खोलीतल्या पलंगावर पुठ्ठा अंथरून पीसी जुळवला. मला फोटो आला, त्यात बोर्डाखाली वर्तमानपत्र दिसतं. पहिल्या वेळी पडद्यावर काहीच आलं नाही, कारण केबल बोर्डाला लावली होती, कार्डाला नाही. ५६०० ला स्वतःचं चित्र काढता येत नाही. दुसऱ्या वेळी आलं. जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर एका सीनियरकडून मिळाला होता, आणि पीसीवर 'एल्डन रिंग' मुळातच सेकंदाला ६० फ्रेमच्या वर जात नाही, त्यामुळे तो मॉनिटर कुठेही कमी पडला नाही.

कागद मी मागून घेतला. आता तो माझ्या टेबलाच्या कप्प्यात आहे. अकरावीच्या वर्गात खोडाखोडीबद्दल बोलताना मी तो फळ्यापाशी नेतो, आणि पोरं कवितेपेक्षा तो लवकर वाचतात.

तुमच्या घरातलं कुणी पोर असाच पीसी जुळवायला निघालं असेल आणि यादी करत असेल, तर ती त्याच्याकडून मागून घ्या, प्रोसेसर-कार्डाची नावं कळली नाहीत तरी चालेल. सहावी ओळ आधी वाचा. तिथे पैसे वाचवलेले दिसले, तर तेवढे तुमच्या खिशातून घाला.